अक्षतांचा बिटरेट

लग्नाचा व्हिडिओ जसाच्या तसा, काहीही न गाळता साठवायचा म्हटला, तर तासाला सुमारे ५६० जीबी लागतात. हिशेब सरळ आहे. आडवे १९२० ठिपके, उभे १०८०, प्रत्येक ठिपक्याला लाल-हिरव्या-निळ्याचे मिळून तीन बाइट, आणि सेकंदाला पंचवीस चित्रं. आमच्याकडची लग्नं सकाळच्या सीमांतपूजनापासून संध्याकाळच्या पाठवणीपर्यंत चालतात. म्हणजे एकेका लग्नाला चार-पाच हजार जीबी. असं करायचं तर नवरीच्या अंगावर सोन्याऐवजी हार्ड डिस्का घालाव्या लागतील. म्हणून जगातल्या हुशार माणसांनी गेली पन्नास वर्षं एकाच प्रश्नापायी डोकं शिणवलं आहे: यातलं काय टाकून दिलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही?

इंजिनिअरांपुरता हा प्रश्न बराचसा सुटला. घरात सुटत नाही. इंजिनिअर 'कुणाच्या' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सर्वसाधारण मानवी नजर असते. आमच्या डोळ्यांपुढे आत्या असते.

आमच्या घरच्या साठ्यात सगळ्या पिढ्यांचे प्रतिनिधी हजर आहेत. सगळ्यांत ज्येष्ठ म्हणजे १९९४ सालच्या आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट. तिच्या लेबलावर मुंडावळ्या बांधलेल्या अनोळखी जोडप्याचं छापील चित्र आहे आणि त्याखाली भलत्याच वधूवरांची नावं आहेत. दुकानात लेबलांची अदलाबदल झाली होती. ते दुसरं जोडपं आमच्या नावाची कॅसेट घेऊन कुठेतरी सुखात नांदत असेल. त्यानंतर धाकट्या भावाचं लग्न आणि पुतणीचं बारसं. या दोन्ही व्हीसीडी. व्हीसीडीच्या एका चकतीवर ७४ मिनिटं मावायची. बारशात बाळाची आत्या कानात नाव सांगायला वाकली आणि तिथेच पहिली चकती संपली. नाव दुसऱ्या चकतीत आहे. दुसरी चकती अजून सापडलेली नाही. मग मुलाची मुंज, मिनीडीव्हीच्या टेपवर. आणि त्याच्या वर फोनमधल्या व्हिडिओंचा अफाट थर, ज्याला आदि नाही, अंत नाही आणि बहुतेक वेळा विषयही नाही.

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला हे सगळं एका डिस्कवर आणायचं आणि टीव्हीसमोर बसून बघायचं, असं घरात ठरलं. ठरवणारे सगळे बघण्याच्या बाजूला होते. आणण्याच्या बाजूला मी एकटा.

व्हिडिओ दाबायची मूळ युक्ती तशी जुनीच आहे. पहिलं चित्र पूर्ण लिहायचं, पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं ते. कार्यालयाच्या दाराशी आहेराची वही घेऊन बसलेले काका वर्षानुवर्षं हेच करत आले. 'स्टीलचा डबा, झाकणासह' एकदा व्यवस्थित लिहिलं की खालच्या सतरा घरांपुढे नुसत्या दोन बारक्या रेघा. मधेच कुणी चांदीची वाटी दिली तर पुन्हा अख्खं वाक्य. व्हिडिओत त्या अख्ख्या वाक्याला की-फ्रेम म्हणतात. त्याखेरीज बी-फ्रेम नावाचा एक प्रकार असतो. ती मागच्या चित्राकडे बघतेच, शिवाय पुढे काय येणार आहे तेही आधी बघून ठेवते आणि मग मधलं लिहिते. आमच्या आळीत असं करणाऱ्या दोन-तीन बायका आहेत, पण त्यांनी त्याचं पेटंट घेतलेलं नाही.

तेव्हा जिथे काही बदलत नाही तिथे फाइल लहान होते. या दृष्टीनं सत्यनारायणाच्या पूजेइतका कॉम्प्रेशनला अनुकूल विधी दुसरा नाही. गुरुजी जागचे हलत नाहीत, यजमानांना हलता येत नाही, चौरंग हलायचा प्रश्नच नाही, आणि केळीचे खांब हलले तर आरडाओरडा होतो. साधुवाण्याची नौका बुडून पुन्हा वर येते तरी पडद्यावर तीर्थाच्या पळीपलीकडे हालचाल नसते. लग्नातही बराच वेळ बरं चाललेलं असतं. अंतरपाट धरला की व्हिडिओ दाबणाऱ्या कोडेकचा जीव भांड्यात पडतो: सपाट पांढरं कापड, त्यावर एक कुंकवाचं स्वस्तिक, आणि आठ-आठ मंगलाष्टकं. मामांचे हात भरून येतात तेवढाच काय तो बदल.

मग 'शुभ मंगल सावधान' होतं.

दोन-तीनशे माणसं एकाच क्षणी मूठमूठ तांदूळ हवेत उडवतात. प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेनं, वेगळ्या वेगानं, स्वतःभोवती फिरत. मागच्या चित्रात जिथे दाणा होता तिथे आता नाही. जिथे आहे तिथे पुढच्या चित्रात नसणार. मागच्या चौकटीवरून पुढचीचा अंदाज बांधणं हा ज्याचा एकमेव धंदा, त्याला याहून मोठा शाप देता येणार नाही. त्यातच फोटोग्राफरांचे फ्लॅश. एकेका फ्लॅशला अख्खं चित्र पांढरं फटक पडतं आणि बांधलेले सगळे अंदाज पाण्यात जातात. व्हीसीडीला तर सेकंदाला ११५० किलोबिटांचा शिधा बांधून दिलेला असायचा. पूजा असो नाहीतर प्रलय असो, तेवढंच. त्यामुळे माझ्या भावाच्या लग्नाच्या व्हीसीडीत नेमक्या मुहूर्ताच्या घटकेला सगळा शिधा तांदळावर खर्च झाला आहे आणि वधूवरांच्या वाट्याला मिळून वीसेक चौकोन आले आहेत. वर कोणता आणि वधू कोणती हे चौकोनांच्या रंगावरून ओळखावं लागतं. गुरुजी सावधान म्हणतात ते वधूवरांना, असा इतके दिवस समज होता. ते एन्कोडरला उद्देशून असावं.

हे चौकोन कुठून येतात हे शोधताना मला एक गोष्ट कळली आणि अभिमानानं ऊर भरून आला. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, आणि प्रत्येकातलं मोठं, ठळक, सावकाश बदलणारं एका बाजूला आणि बारीक, वळवळणारं दुसऱ्या बाजूला काढायचं, या गणिताला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. असं निवडून झालं की बारीकसारीक भाग उदारपणे शून्य करून टाकता येतो. फोटोचं जेपेग, व्हीसीडी, डीव्हीडी, फोनमधला व्हिडिओ, सगळ्याच्या मुळाशी हेच आहे. आणि ते सुचलं नासिर अहमद यांना. जन्म १९४०, बंगळूर. अमेरिकेत कॅन्सस इथे प्राध्यापक असताना त्यांनी १९७२ साली या कल्पनेवर काम करायला तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. नकार आला. परीक्षकांना कल्पना फारच सोपी वाटली. मग त्यांनी नटराजन आणि राव या आणखी दोन भारतीय नावांबरोबर जानेवारी १९७४ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज जगातली सगळी मांजरं, सगळी बाळं आणि सगळे व्याही या सोप्या कल्पनेतून दाबून पाठवले जातात. परीक्षकांचा तो अभिप्रायसुद्धा बहुधा कुठेतरी जेपेग करूनच जतन केला असणार.

आता कोडेक निवडायचा म्हणजे काय, तर ही सोपी कल्पना वापरणाऱ्या एकाहून एक अवघड घराण्यांपैकी एक निवडायचं. डीव्हीडीवरचं एमपेग-टू १९९५ च्या सुमाराचं. त्यानंतर २००३ मध्ये एच.२६४ आलं, २०१३ मध्ये एच.२६५, २०२० मध्ये एच.२६६. प्रत्येक पिढीचा दावा एकच: आधीच्या इतकंच चांगलं चित्र, साधारण निम्म्या जागेत. या वेगानं शतक संपेपर्यंत अख्खं लग्न पत्रिकेच्या कोपऱ्यात छापता येईल आणि पत्रिका वाचली की जाण्याचीही गरज उरणार नाही. मात्र कॅमेरेवाले ही बचत राहू देत नाहीत. कोडेकनं जागा निम्मी केली रे केली, की ते ठिपके चौपट करतात.

एच.२६५ गुणी आहे, पण त्याच्या पेटंटांचा मानपान फार. एकाच कोडेकच्या पेटंटवाल्यांचे तीन वेगवेगळे गट झाले, आणि तिघांपुढे वेगवेगळा नारळ ठेवावा लागेल अशी वेळ आली. ज्यांना रोज कोट्यवधी लोकांना व्हिडिओ पाठवायचा असतो ते याला कंटाळले. ॲमेझॉन, गूगल, नेटफ्लिक्स, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, इंटेल, सिस्को अशा एरवी एका मांडवात न बसणाऱ्या मंडळींनी २०१५ साली एकत्र येऊन आपला स्वतंत्र संसार थाटला. त्यातून २०१८ मध्ये एव्ही-वन निघालं. मानधन नको, कुणाला विचारायला नको.

एव्ही-वनबद्दल माझ्या मनात आदर निर्माण झाला तो आमच्या व्हिडिओग्राफरमुळे. आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये त्यानं ज्या करामती केल्या आहेत त्या त्या काळी सर्रास चालत. सप्तपदीच्या तिसऱ्या पावलाला मी आणि ही गुलाबाच्या कळीत शिरतो. कळी गरगर फिरत आकाशात जाते. तिथून बदामाच्या आकारात आम्ही मोठे-मोठे होत येतो आणि ताजमहालापुढे उतरतो. जुने कोडेक चित्राचा चौकोन डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली सरकला एवढंच समजू शकत. फिरला, तिरका झाला, फुगला, की त्यांना तो नवीनच चौकोन वाटे. एव्ही-वनमध्ये फिरणं, तिरपं होणं आणि मोठं होणं ओळखण्याची सोय मुद्दाम केलेली आहे. डोंबिवलीतल्या एका माणसानं १९९४ साली हॅलोजनच्या दिव्यात घातलेल्या कोड्याला जगातल्या बड्या कंपन्यांनी मिळून दिलेलं हे उत्तर आहे, असं मी मानतो.

पुतण्या हिंजवडीत नोकरीला आहे आणि तो एव्ही-वनचा कट्टर. "काका, एच.२६४ आता पेन्शनीत निघालं," असं त्यानं मला सांगितलं. मी म्हटलं, बघणारे आमचे वडीलधारे नानासुद्धा पेन्शनीतच आहेत. पण त्याचा उत्साह मोडवेना. त्यानं मला हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घालून दिलं. त्याचं चिन्ह अननस आणि शेजारी पेला असं आहे. ते पाहून ही म्हणाली, "अहो, व्हिडिओ करताय की पार्टी?" त्यात सीआरएफ नावाची एक पट्टी असते. तिचा अर्थ असा, की दर्जा तुम्ही सांगा, जागा लागेल तेवढी मी घेईन. पूजेला थोडी, अक्षतांना भरपूर. आकडा लहान तितकं चित्र चांगलं. इथपर्यंत मलाही पटलं. पण तो आकडा प्रत्येक घराण्यात वेगळा. एक्स२६४ या एन्कोडरला काही सांगितलं नाही तर तो २३ धरतो, एक्स२६५ हा २८ धरतो, आणि दोन्ही आकड्यांची चित्रं साधारण सारखीच दिसावीत अशी अपेक्षा असते. एव्ही-वनच्या एका एन्कोडरची पट्टी तर थेट ६३ पर्यंत जाते. आमच्या लहानपणी ठाण्याचे शिक्षक आणि कल्याणचे शिक्षक वेगवेगळ्या हातानं गुण देत, तसला सगळा प्रकार.

दुसरी पट्टी वेगाची. भराभर उरकायचं की निगुतीनं करायचं. सगळ्यांत वेगवान, मग जरा कमी वेगवान, मध्यम, सावकाश, आणखी सावकाश, फार सावकाश. आणि त्याच्याही पलीकडे शेवटची एक पायरी आहे, तिचं नाव 'प्लासिबो'. म्हणजे औषध नसलेली गोळी. ती लावली की संगणक रात्रभर घोरतो आणि चित्रात डोळ्याला दिसण्यासारखा फरक पडत नाही, हे बनवणाऱ्यांनी नावातच सांगून ठेवलं आहे. इतका प्रामाणिकपणा मी औषधांच्या दुकानातही पाहिलेला नाही. तरी पुतण्यानं ती पायरी लावायचा आग्रह धरला. त्याचं म्हणणं, नाहीतरी रात्री संगणक रिकामाच असतो.

इथे मी कागद-पेन्सिल घेतली, कारण बँकेत नोकरी केलेल्या माणसाला कुणी 'नाहीतरी' म्हणालं की घाम फुटतो. समजा, चार टीबीची डिस्क दहा हजारांना पडली. म्हणजे जीबीला अडीच रुपये. एका लग्नाची फाइल एच.२६५ ऐवजी एव्ही-वनमध्ये करून आणखी दोन जीबी वाचले, म्हणजे पाच रुपये. शंभर वॅट ओढणारा संगणक त्यासाठी दहा तास चालला तर वीज एक युनिट. ती दहा रुपयांची धरू. एकूण तोटा पाच रुपये, आणि बेडरूममध्ये रात्रभर पंख्याची घरघर. नेटफ्लिक्सचं गणित वेगळं. ते एक फाइल एकदा दाबतात आणि कोटी लोकांना पाठवतात, त्यांना एकेक किलोबिट सोन्याचा. आमचं लग्न पाहणारी माणसं मोजून अकरा, आणि त्यातली चार जेवणाचं काय झालं ते बघून उठतात.

पण कॅसेटीनं आणखी वेगळाच इंगा दाखवला. माझी समजूत अशी, की जुनं, अंधुक, धुरकट चित्र म्हणजे फाइल इवलीशी होणार. झालं उलटंच. तेवढ्याच ठिपक्यांच्या स्वच्छ व्हिडिओपेक्षा कॅसेटची फाइल मोठी. कारण व्हीएचएसच्या चित्रावर सतत मुंग्या धावत असतात, आणि एन्कोडरला मुंगी आणि मामा यांत फरक करता येत नाही. तो बिचारा प्रत्येक मुंगीची नोंद इमानेइतबारे ठेवतो. म्हणजे चित्र जितकं वाईट तितकी ते वाईटपण जपायला जागा जास्त. यावर एव्ही-वननं काढलेली तोड ऐकून मी थक्क झालो. सिनेमाच्या फिल्मवर जे दाणेदारपण असतं ते आधी पुसून टाकायचं, ते साधारण कसं होतं एवढं लक्षात ठेवायचं, आणि बघायच्या वेळी तस्संच दिसणारं ताजं दाणेदारपण वरून भुरभुरायचं. नक्की तेच दाणे नव्हेत, पण कुणाला कळणार नाही. भेळवाले शेव असंच करतात.

रंगाचं तर विचारूच नका. माणसाचा डोळा उजेड-अंधारातला फरक चटकन टिपतो, रंगातला तेवढा नाही. म्हणून जवळजवळ सगळे घरगुती व्हिडिओ चार ठिपक्यांना मिळून एकच रंग साठवतात. व्हीएचएस तर रंगाच्या बाबतीत अगदीच ऐसपैस: लाल रंग आपली हद्द सोडून शेजाऱ्याच्या अंगणात जातो. आमच्या कॅसेटमध्ये हिच्या कुंकवाची लाली कानापर्यंत पोचली आहे. "माझा शालू डाळिंबी होता, हा राणी कलर दिसतोय," अशी तक्रार आली तेव्हा मी माणसाच्या डोळ्यातल्या पेशींपासून सुरुवात केली. ही म्हणाली, "माणसाच्या डोळ्याला कळत नसेल. माझ्या कळतंय." शालू कपाटातून बाहेर काढून पडद्याशेजारी धरण्यात आला. डाळिंबीच होता.

दर्जा मोजायला यंत्रं आहेत. नेटफ्लिक्सनं २०१६ मध्ये व्हीमॅफ नावाचं मोजमाप सगळ्यांसाठी खुलं केलं. माणसांना व्हिडिओ दाखवून, त्यांनी दिलेल्या गुणांवरून ते शिकवलेलं आहे. शंभरपैकी किती ते सांगतं. पण त्या माणसांत आमची आत्या नव्हती. म्हणून आम्ही घरीच परीक्षा घेतली. ज्या पुतणीचं नाव दुसऱ्या चकतीत राहिलं तिचं अलीकडेच लग्न झालं, त्याचा चांगला स्वच्छ एचडी व्हिडिओ होता. तो एच.२६५ मध्ये दोनदा केला: एक १८ वर, भरघोस, दुसरा ३४ वर, पार कणीक तिंबून. कोणता कोणता ते न सांगता दोन्ही दाखवले.

निकाल असा. मामांनी दोन्ही वेळा फक्त पंगत पाहिली आणि मठ्ठा पातळ होता असा शेरा दिला. मेव्हण्यानं आहेराच्या रांगेत कोण नव्हतं त्याची यादी केली. नवरीकडे, माझ्या अंदाजानं, कुणीच पाहिलं नाही. आणि आत्या दुसरा व्हिडिओ संपताच ठामपणे म्हणाली, "अरे, हाच चांगला आहे. पहिल्यात मी कशी दिसत्येय बघ! तो पुसून टाक." पुतण्या हतबुद्ध. मला मात्र कारण कळलं. जोरात दाबताना कोडेक आधी काय फेकतो? बारीक, फिकट, दोन्ही बाजूंना फारसा फरक नसलेल्या रेषा. म्हणजे सुरकुत्या. ३४ वर आत्या दहा वर्षांनी लहान झाली होती. चेहऱ्यावर मेणासारखी तुकतुकी आली होती, गळ्यातल्या मोहनमाळेचे मणी एकमेकांत विरघळले होते, पण मण्यांची तक्रार तिनं केली नाही. आता आमच्या खानदानात या लग्नाची अधिकृत आवृत्ती ३४ ची आहे. आत्याच्या सगळ्या मैत्रिणींकडे ती पोचली आहे. नासिर अहमद यांना हा उपयोग सुचला असता तर फाउंडेशननं पैसे नाकारले नसते.

उरला नानांचा टीव्ही. कोडेक निवडताना लोक दर्जा बघतात, वेग बघतात, पेटंट बघतात, आणि घरातल्या सगळ्यांत जुन्या टीव्हीला विचारायचं विसरतात. नानांचा टीव्ही दणकट आहे, त्याला मागे पेनड्राइव्ह लावता येतो आणि त्याला एच.२६४ च्या पुढचं काहीही येत नाही. पुतण्यानं आणलेल्या एव्ही-वनच्या फायलीपुढे त्यानं 'नॉट सपोर्टेड' एवढंच लिहून दाखवलं. एच.२६५ चालवायचा प्रयत्न केला तर आवाज आला, चित्र नाही. आकाशवाणीवर लग्न ऐकल्याचं समाधान मिळालं. पुतण्या म्हणाला, "नाना, हा टीव्हीच बदलायला हवा." नाना म्हणाले, "त्याला कळत नाही ते नको देऊस. मला तरी तुझं कुठे सगळं कळतं? पण मी निदान 'नॉट सपोर्टेड' म्हणत नाही."

तेव्हा माझा निकाल स्पष्ट आहे. जे वडीलधाऱ्यांच्या टीव्हीवर, नातेवाइकांच्या जुन्या फोनवर आणि अमेरिकेतल्या मावशीच्या लॅपटॉपवर न विचारता चालायला हवं, ते एच.२६४ मध्ये करावं, २० च्या आसपास, आणि वर एमपीफोरचं वेष्टन घालावं. एमपीफोर, एमकेव्ही ही नुसती वेष्टनं आहेत. आतला कोडेक योग्य असेल तर वेष्टन बदलायला मिनिटभर लागतं, पुन्हा दाबावं लागत नाही. गल्लीतला 'कन्व्हर्ट करून देतो' म्हणणारा हे सांगत नाही. स्वतःच्या डिस्कवर ठेवायचं मोठं काम एच.२६५ मध्ये, सावकाश पायरीवर. एव्ही-वन ज्यांच्या घरातली सगळी यंत्रं कालपरवा घेतलेली आहेत त्यांच्यासाठी. आणि असं घर जिथे असेल तिथे आजीआजोबा राहत नसावेत. मुंजीच्या टेपेसारखं जे आडव्या रेघांनी विंचरलेलं दिसतं, बटूचा हात हलला की त्याला फणीचे दात फुटतात, त्याच्यावर आधी रेघा काढायचा फिल्टर चालवावा. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं गुंफण्याची ती जुनी टीव्हीची पद्धत आहे. टेप खराब नसते. प्लासिबोच्या नादी लागू नये.

फोनमधल्या व्हिडिओंना तर हात लावू नये. ते फोननं आधीच दाबलेले असतात. दाबलेलं पुन्हा दाबलं की थोडं आणखी जातं, परत काहीच येत नाही. तिथे जागा वाचवायचा मार्ग हिनं दाखवला. ती एका दुपारी चष्मा लावून बसली आणि एकच औक्षण सहा जणांकडून सहा वेळा आलेलं आहे, हे तिनं शोधून काढलं. पाच गेली. मग नानांच्या फोनमधला एक लांबलचक व्हिडिओ सापडला. फोर-के, अत्यंत सुस्पष्ट, आणि सुरुवातीपासून अखेरपर्यंत शहाबादी फरशी. पार्श्वभूमीला नानांचा आवाज: "चालू झालं का रे? लाल दिवा दिसत नाही." काही हलत नसल्यामुळे फाइल आश्चर्यकारक लहान होती. पुतण्या म्हणाला, कॉम्प्रेशनचा हा आदर्श नमुना आहे. ही तो पुसायला निघाली होती. नानांनी पुसू दिला नाही. त्यांना वाटतं त्यात नातवाचं पहिलं पाऊल आहे. फरशीच्या अलीकडे ते पडलंही असेल.

एच.२६४ की एव्ही-वन, १८ की ३४, हे वाद पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू शकतात. कॅसेट थांबणार नाही. पावसाळ्यातल्या दमट कपाटात तिला बुरशी लागते, आणि ती चालवणारं यंत्र आता नवीन मिळत नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनं २०१६ साली ते बनवणं बंद केलं. तुमच्याकडे कुणाचं लग्न, मुंज, बारसं कॅसेटवर असेल तर चालता व्हीसीआर असलेला माणूस या आठवड्यात गाठा. पहिली प्रत काहीही न गाळणाऱ्या एफएफव्ही-वनमध्ये करून घ्या; तासाला तीसेक जीबी जातील, जाऊ द्या. आणि कॅसेट देण्यापूर्वी लेबलावरची नावं वाचा. १९९४ सालची, डोंबिवलीतली, गुलाबाची कळी आणि ताजमहाल असलेली, नावं आमची पण माणसं भलतीच अशी कॅसेट कुणाकडे निघाली, तर ती तशीच परत करा. दाबून नको.